पारंपरिक जॅझ आणि तीन मिनिटांची तबकडी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या जॅझवरील लेखाचा सूर असा होता, की अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा जुना जॅझ आता पुरा झाला. त्यात भर घालायला जागा नाही, उरले ते फक्त जतन. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. कितीतरी 'ट्रॅड', म्हणजे पारंपरिक जॅझ वाजवणारे, बँड तीच तीस-चाळीस गाणी त्याच क्रमाने वाजवत असतात. पण लेखकाने त्याचे जे कारण दिले आहे ते पटत नाही. जागा संपली म्हणून हे संगीत थांबलेले नाही. परंपरा म्हणून जे जपले गेले, त्यातला बराचसा भाग म्हणजे 1920 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रण यंत्राची अडचण आहे. ती अडचणच पुढच्यांनी घराण्याची शिस्त समजून पाठ केली.

कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखे आखूड वाद्य, वाजवणाऱ्या किंग ऑलिव्हरच्या क्रीओल जॅझ बँडने एप्रिल 1923 मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वादन केले. मायक्रोफोन नव्हता. सगळे वादक एका कर्ण्यापुढे उभे राहायचे, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला सुई आणि सुईखाली फिरते मेण. जोराचा ठोका पडला की सुई उडायची आणि मेणाची तबकडी फुकट जायची. म्हणून बेबी डॉड्ससारख्या ड्रमवादकाला ड्रम बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. डबल बेसचा खर्ज कर्ण्यात उतरेना, म्हणून बेसवादक बिल जॉन्सनने बँजो हाती घेतला. दुसरा कॉर्नेट वाजवणाऱ्या लुई आर्मस्ट्राँगचा आवाज ऑलिव्हरला झाकून टाकत होता, म्हणून त्याला इतरांच्या बराच मागे उभे केले. दहा इंची तबकडी तीन मिनिटांत संपत असे. मिनिटाला 160 मात्रांची लय धरली तर तीन मिनिटांत 480 मात्रा होतात, म्हणजे चार-चार मात्रांचे 120 बार. 32 बारांच्या गाण्याची त्यात पुरती चार आवर्तनेही बसत नाहीत. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये नाचणाऱ्यांपुढे हाच बँड हीच गाणी कितीतरी लांबवत असे, पण तिथे कर्णा नव्हता, म्हणून ते आपल्या कानी आले नाही.

आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्याही तीन-सव्वातीन मिनिटांच्याच. म्हणून किराण्याच्या कुणा गवयाने मैफलीत झिंझोटी तीन मिनिटांत आटोपली नाही. तबकडी म्हणजे नमुना, मैफल वेगळी, हे इथल्या श्रोत्याला कुणी शिकवावे लागले नाही, कारण मैफल समोर चालूच होती. जुन्या जॅझचे तसे झाले नाही. 1930 च्या दशकात स्विंगच्या, म्हणजे मोठ्या नाचबँडांच्या जॅझच्या, लाटेत तो मागे पडला आणि 1940 च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्स आणि पुढे इंग्लंडात तरुण मंडळींनी त्याचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा बहुतेकांच्या हाती आधार होता तो तबकड्यांचाच. लाकडी ठोकळे, बँजो, ट्युबा, तीन मिनिटे, सगळे जसेच्या तसे उचलले गेले.

वास्तविक न्यू ऑर्लिन्सच्या अगदी सुरुवातीच्या जॅझवादकांपैकी बडी बोल्डनच्या बँडचे जे एकमेव छायाचित्र आहे, साधारण 1905 च्या सुमाराचे, ते नीट पाहावे. त्यात एक कॉर्नेट, दोन क्लॅरोनेट, गिटार, डबल बेस आणि व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन आहे. बँजो नाही. ट्युबाही नाही, ट्युबा रस्त्यावरच्या बँडचे वाद्य. आणि ट्रॉम्बोनला सरकती नळी नसल्यामुळे आज ज्या लांबलचक मींडेवरून लोक 'डिक्सीलँड', म्हणजे हाच जुना जॅझ, ओळखतात, ती त्या बँडमध्ये शक्यच नव्हती. परंपरेची ओळख म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टींपैकी एकही बोल्डनच्या त्या छायाचित्रात नाही. तुमच्या लेखासोबत छापलेल्या रेखाचित्रात मात्र तिन्ही आहेत.

बंक जॉन्सनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. दात गेल्यामुळे ट्रम्पेट सुटलेल्या या म्हाताऱ्या वादकाला जुन्या जॅझच्या चाहत्यांनी शोधून काढले, कवळी बसवून दिली, वाद्य दिले आणि 1942 मध्ये त्याचे मुद्रण केले. त्यांना हवा होता 1910 चा अस्सल माणूस. बंकला मात्र रॅगटाइमच्या, म्हणजे जॅझच्या आधीच्या तालबद्ध नाचऱ्या संगीताच्या, लिखित रचना आणि त्या वेळची चालू लोकप्रिय गाणी वाजवायची होती, तीही नोटेशन वाचू शकणाऱ्या साथीदारांबरोबर. डिसेंबर 1947 मधल्या शेवटच्या मुद्रणात त्याला मनाजोगते करायला मिळाले. दीड वर्षात तो गेला. परंपरेचा जिवंत पुरावा म्हणून ज्याला उभे केले, त्यालाच पुढे जायचे होते, आणि अडवणारे होते ते त्याचे भक्त. अशा भक्तांना त्या काळी अमेरिकेत 'बुरशी आलेले अंजीर' म्हणत. इंग्लंडात 1953 साली ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटलटनने आपल्या जुन्या धाटणीच्या बँडमध्ये एक आल्टो सॅक्सोफोन घेतला, तर बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये श्रोत्यांनी 'परत जा' म्हणून फलक फडकवला. एका सॅक्सोफोनसाठी!

तेव्हा आधी ठरवायला हवे की हे संगीत उभे कशावर आहे. आमच्या मते दोनच गोष्टींवर. तीन सुरावटी एकाच वेळी, ऐनवेळी सुचत, एकमेकींत गुंफत चालल्या पाहिजेत आणि त्यातून मूळ चाल ऐकू आली पाहिजे. दुसरे, त्यावर माणसाला नाचता किंवा चालता आले पाहिजे. बाकी सारे बदलता येते.

या तीन सुरांची वाटणी अशी. कॉर्नेट किंवा ट्रम्पेट मधल्या सप्तकात चाल सांभाळतो, फार न सजवता, मध्ये श्वासाएवढ्या फटी ठेवत. क्लॅरोनेट त्याच्या वर, साधारण दुप्पट गतीने, कॉर्डचे, म्हणजे साथीतल्या स्वरगुच्छाचे, स्वर मोडून विणत राहतो. ट्रॉम्बोन खाली असतो, कॉर्ड बदलताना एका मूळ स्वरावरून दुसऱ्याकडे घसरत जातो आणि ट्रम्पेट थांबला की तेवढ्यात दोन शब्द बोलून घेतो. बिघाड बहुधा ट्रम्पेटपासून सुरू होतो. आजच्या जॅझ शाळेत तयार झालेला वादक आठ बारांत पन्नास स्वर भरतो. एकट्याने वाजवले तर ते सुंदरच असते, पण इथे क्लॅरोनेटला शिरायला फट उरत नाही. मग क्लॅरोनेट आणखी वर चढून किंचाळू लागतो, ट्रॉम्बोन कंटाळून नुसते मूळ स्वर धरतो आणि तीन सुरांचा एक सूर होतो. ड्रमवाला पितळी झांजेवर अखंड 'टिंग टिंगटिंग' धरतो तेव्हाही हेच होते, कारण झांजेची झणझण नेमकी क्लॅरोनेटच्या वरच्या स्वरांवर पसरते. जुने लोक समूहवादनात स्नेअरवर, म्हणजे तळाशी तारा ताणलेल्या लहान ड्रमवर, दाबून केलेला रोल देत आणि झांज आवर्तनाच्या शेवटासाठी राखून ठेवत, ते उगीच नव्हे.

दुसरा बिघाड साध्या गणितातला आहे. सात जणांचा बँड असेल तर हल्ली प्रत्येक गाण्यात सातही जण एकेक आवर्तन एकट्याने वाजवतात. 160 च्या लयीत 32 बार म्हणजे 48 सेकंद. सात एकल वादने म्हणजे 5 मिनिटे 36 सेकंद. सुरुवातीची दोन आणि शेवटचे एक अशी समूहाची तीन आवर्तने, म्हणजे 2 मिनिटे 24 सेकंद. ज्या गुणासाठी हे संगीत ऐकायचे तो आठ मिनिटांत अडीच मिनिटेसुद्धा ऐकू येत नाही, आणि मग सगळी गाणी सारखीच वाटतात म्हणून तक्रार. एका गाण्यात दोघांपेक्षा जास्त एकल वादने नकोत, उरलेल्या वेळात समूहाचाच पोत बदलावा: एक आवर्तन ट्रम्पेटशिवाय, एक नुसता क्लॅरोनेट आणि बेस, एकात तिघेही दबक्या आवाजात. आज तबकडीचे बंधन नाही, तेव्हा समूहाची आठ आवर्तने सलग चढवत नेता येतात. ही जागा 1923 मध्ये मुद्रणात कुणाला मिळालीच नव्हती. मोकळी पडली आहे.

नव्या कॉर्ड आणायच्या तर कुठे, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रत्येक बारमध्ये दोन-दोन कॉर्ड बदलणारी आधुनिक मांडणी या संगीताला मानवत नाही. ट्रॉम्बोनची मींड रंगायला एक कॉर्ड निदान एक बार, शक्यतो दोन बार टिकावी लागते. पण ब्रेक नावाची जागा आहे. ब्रेकमध्ये सगळी साथ दोन बार थांबते आणि एक किंवा दोन वादक त्या शांततेत वाजवतात. तिहाई घेऊन समेवर यावे तसे सगळे मिळून पुन्हा पहिल्या मात्रेवर उतरतात. साथच थांबलेली असल्यामुळे तिथे कितीही वेगळा स्वर लावला तरी कुणाशी टक्कर होत नाही. ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँगचे दोन कॉर्नेटचे ब्रेक 1923 मध्ये याच कारणाने गाजले. न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने 1926 च्या 'ब्लॅक बॉटम स्टॉम्प'मध्ये तीन मिनिटांत ब्रेक, तोडून वाजवलेली साथ आणि पट्टीबदल यांची जी मांडणी केली, तिच्या निम्मी कल्पकताही आजच्या सरासरी बँडमध्ये दिसत नाही. शिकायचेच असेल तर ते ब्रेक कसे लागले ते शिकावे. पाठ केलेले ब्रेक वाजवण्यात काही अर्थ नाही.

नवी रचना लिहिणाऱ्याने पट्टीही विचारपूर्वक निवडावी. ट्रॉम्बोनच्या नळीला सात जागा असतात आणि एका फुंकीत सलग घसरत सहा अर्धस्वरच जाता येते. काळी पाच, म्हणजे बी फ्लॅटमध्ये गाणे असेल, तर पंचम एफ सहाव्या जागेवर आणि षड्ज पहिल्या जागेवर येतो. पंचमावरून षड्जाकडे अखंड मींड निघते. पांढरी चार, म्हणजे एफमध्येही तसेच, सी सहाव्या जागेवर, एफ पहिल्या. काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट घेतला की घोटाळा होतो. बी फ्लॅटवरून ई फ्लॅटला सलग जाता येत नाही, त्याला हवी असलेली आठवी जागा नळीवर नाहीच. वादक मग जवळच्या स्वरावरून अर्धीच मींड घेतो आणि समूहाचा उतार लंगडा पडतो. पियानोवर बसून लिहिणाऱ्याला हे कळत नाही. तो म्हणतो, ट्रॉम्बोनवाला कच्चा आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये खरा बदल झाला तो रस्त्यावर. 1970 च्या सुमारास डॅनी बार्कर या जुन्या बँजोवादकाने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या मुलांचा बँड बांधला. शहरातल्या ब्रास बँडना त्यातून पुन्हा तरुण वादक मिळू लागले. 1977 मध्ये डर्टी डझन ब्रास बँड निघाला, 1983 मध्ये रीबर्थ. डर्टी डझनच्या कर्क जोसेफने सूझाफोनचे, म्हणजे अंगाभोवती अडकवून चालता येईल अशा ट्युबाचे, काम बदलले. तोवर हे वाद्य पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर 'पूम्, पूम्' करायचे. जोसेफ त्यावर बेस गिटारसारखी सलग फिरती ओळ वाजवू लागला. वरून बँड थेलोनिअस मंक आणि चार्ली पार्कर या आधुनिक जॅझवाल्यांच्या रचना मिरवणुकीत वाजवू लागला, लय चढली, लोक नाचले. जुन्यांनी नाके मुरडली. पुढे 2012 मध्ये रीबर्थला ग्रॅमी मिळाले.

या फिरत्या बेसची नक्कल करणाऱ्यांची चूक श्वासात होते. दोन मात्रांच्या चालीत प्रत्येक स्वरानंतर श्वास घेता येतो, सलग ओळीत तशी जागा नाही. वादक ओळ संपल्यावर श्वास घेतो आणि नेमका समेवर उशिरा पोचतो, म्हणजे भोक पडते ते सगळ्यात वाईट जागी. यावर उपाय सोपा आहे. दोन बारांच्या ओळीतला शेवटचा अर्ध्या मात्रेचा स्वर लिहितानाच काढून टाकावा आणि ती जागा स्नेअरवाल्याला द्यावी. रस्त्यावरच्या बँडमध्ये स्नेअर आणि मोठा ड्रम दोन वेगळ्या माणसांकडे असतात. मोठ्या ड्रमवर एक झांज बसवलेली असते आणि ती पुष्कळदा कपड्याच्या हँगरची तार वाकवून वाजवतात. ताशाने बोल काढावेत आणि ढोलाने ते उचलावेत, तशी या दोघांची बोलाचाली चालते. बेसने थोडी जागा सोडली तर ती आणखी खुलते.

पण या बदलाची किंमतही सांगितली पाहिजे. पुष्कळ नव्या ब्रास बँडमधून क्लॅरोनेट गेला. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट मिळून एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवतात, दुसरी ओळ तिच्यावर चढते. अंगात येते यात शंका नाही. मात्र तीन सुरांची ऐनवेळची गुंफण त्यात थोडीच उरते. याला विकास म्हणावे का? अर्धा. पाय राहिले, विणकाम गेले.

विणकाम न सोडता नवे लिहिणारेही आहेत. क्लॅरोनेटवादक डॉ. मायकेल व्हाइट यांचे घर 2005 च्या कटरिना वादळात बुडाले, वाद्यांचा आणि कागदपत्रांचा संग्रह गेला. 2008 मध्ये त्यांनी काढलेल्या अल्बममध्ये बहुतेक रचना स्वतःच्या, नव्या, आणि तरीही जुन्या घाटाच्या होत्या. 1961 पासून चाललेल्या प्रिझर्व्हेशन हॉलच्या बँडने 2013 मध्ये प्रथमच संपूर्ण नव्या रचनांचा अल्बम केला. नावातच 'जतन' असलेल्या संस्थेने हे करावे, ही गंमतच. याच हॉलमध्ये फर्माइशीचा दरफलक असे आणि सगळ्यात महाग फर्माइश असे ती 'सेंट्स'ची, म्हणजे 'व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन' या सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्याची, कारण ती वाजवून वादक विटलेले होते. ऐकणाऱ्यांनी तरी दुसरे काही मागावे.

ध्वनिवर्धकाबद्दल थोडक्यात. प्रत्येक वाद्याला वेगळा माईक लावला की तोल वादकांच्या हातून जाऊन साउंडवाल्याच्या हाती जातो. तो चाल ऐकू यावी म्हणून ट्रम्पेट वाढवतो आणि बाकीचे दोघे बुडतात. समोरच्या तिघांपुढे दोन-अडीच मीटरवर माईकची एकच जोडी पुरते. ट्रम्पेट अर्धे पाऊल मागे, क्लॅरोनेट अर्धे पाऊल पुढे. आर्मस्ट्राँगला मागे उभे करणाऱ्यांची तेवढी युक्ती मात्र अजून उपयोगी आहे.

मुंबईत हे संगीत 1930 च्या दशकात पोचले. 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात अमेरिकन वादक लिऑन ॲबीचा बँड आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेले वादक त्यांच्या संगतीत तयार झाले. त्यातला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला आणि 1951 च्या भगवानदादांच्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतो. म्हणजे इथे जॅझ कपाटात गेला नाही, तो सिनेगीतात विरघळला. फक्त गाण्यात मधली जागा गायकाची, त्यामुळे ट्रम्पेट मुखड्याआधी आणि अंतऱ्यांच्या मधे सरकला, आणि तीन सुरांची गुंफण वाटेतच सुटली.

ती परत जोडायची असेल तर त्यात सतार-तबला घालण्याची घाई नको. सतारीच्या तरफा एका पट्टीत लावलेल्या असतात, मध्येच पट्टी बदलली की त्या भलतेच बोलतात, आणि ट्रम्पेटशेजारी सतार ऐकवायची तर पुन्हा माईकच्या आहारी जावे लागते. त्यापेक्षा गोव्यात हाताशी असलेली वस्तू मांडो. हे कोकणी गाणे संथ सहा मात्रांचे, विरहाचे, आणि त्याला लागून दुलपद नावाचे जलद गाणे. न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेतही असेच असते. जाताना स्नेअरच्या तारा सैल करून संथ भजन वाजवतात, दफन झाल्यावर तारा ताणून नाचरी चाल. शिवाय बोल्डनच्या काळातले बँड वॉल्ट्झ आणि माझुर्काही वाजवत. तीनच्या पटीतला ताल या परंपरेला परका नाही, तबकड्यांनी तो विसरायला लावला.

मांडो दोन आवाजांत गातात आणि दुसरा आवाज बहुधा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर समांतर चालतो. बँडमध्ये हा दुसरा आवाज क्लॅरोनेटला देण्याचा मोह होईल. तो दिला की क्लॅरोनेट चालीला बांधला जातो आणि विणकाम तिथेच संपते. दुसरा आवाज टेनर सॅक्सोफोनने हलका धरावा, क्लॅरोनेट मोकळा ठेवावा. ट्रॉम्बोनने सहा मात्रांपैकी चौथीवरून निघून पुढच्या समेवर उतरावे. बेसला पहिली आणि चौथी मात्रा पुरते. पट्टी एफ. दुलपद सुरू होताना दोन बारांचा ब्रेक स्नेअरला द्यावा, तेवढ्यात तारा ताणून होतात.

कळावे,
आपला एक वाचक,
मडगाव